शिंपल्याचं बी माशाच्या अंगावर

(जालना जिल्हा बैठकीतील भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून कापसाचा भाव, पीकविमा आणि वीज यांवर बोलणं झालं. आता जेवणाआधी थोडा वेळ आम्ही शिंपल्यांवर बोलणार आहोत. मागच्या रांगेत काही जण हसताहेत. हसायला हरकत नाही. कापूस मातीमोल जातोय आणि ही मंडळी शिंपले घेऊन बसली, असं आधी आम्हालाही वाटलं होतं. पण हा विषय आम्ही कुठून शोधून आणलेला नाही. तो आपल्याच रानात सापडला.

२०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत आपण तलावांचा गाळ शेतात टाकतो आहोत. बरड रान काळं झालं, ज्वारीचं ताट जरा वर आलं. त्या रानात पाळी घालताना वखराच्या पासेला कट्कन काहीतरी लागतं. वाकून बघावं तर शिंपला. वरून काळपट-तपकिरी, आतून लखलखीत. आपल्या आया-आज्यांनी अशाच शिंपल्याला घासून भोक पाडलं आणि त्याने कैऱ्या सोलल्या. अशाच शिंपल्याने तान्ह्या लेकराच्या तोंडात दूध घातलं. त्याची ओळख तुम्हाला करून द्यायला नको.

तलावात शिंपले पेरले कोणी?

आता विचार करा. आपले कितीतरी पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातले. मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन आपल्याच माणसांनी खडी फोडली, मुरूम वाहिला, तेव्हा ते उभे राहिले. त्याआधी तिथे कोरडं माळरान होतं. मग तिथे शिंपला आला कुठून? शिंपल्याला पाय एकच. तो गाळात रुतवून दिवसाकाठी हात-दोन हात सरकला तरी पुष्कळ. नदीवरून कोस-दोन कोस चालत तो काही आलेला नाही.

आम्ही दोन तलाव ताडून पाहिले. दोन्ही दुष्काळातले, दोन्हींत गाळ. पहिल्याचा सांडवा उतरता. पावसाळ्यात त्याचं पाणी नाल्याने थेट दुधनेला मिळतं. त्याच्या गाळात घमेल्याघमेल्याला शिंपले. दुसरा तलाव वर माळावर. त्याचा सांडवा दगडावरून दोन पुरुष खाली कोसळतो. त्याच्या गाळात गोगलगाईंचे शंख होते, पण शिंपला एकही नाही. बरं, त्या दुसऱ्या तलावात मासे नाहीत म्हणावं, तर दरवर्षी कटला-रोहूची बोटुकली आणून सोडतात. मासे आहेत, शिंपला नाही.

याचा उलगडा शिंपल्याच्या जन्मात आहे.

कुसळासारखं पोर

बहुतेक शिंपल्यांत नर वेगळा, मादी वेगळी. मादी अंडी पाण्यात सोडून देत नाही. ती आपल्या कल्ल्यांतल्या कप्प्यांत सांभाळते. तिथे पिलं तयार होतात, हजारोंनी, काही जातींत लाखांनी. एक पिलू वाळूच्या बारीक कणाएवढं. त्यालाही दोन झडपा असतात, पण त्याला चरता येत नाही आणि पोहताही येत नाही. आईने पाण्यात सोडल्यावर थोड्या दिवसांत त्याला मासा भेटला पाहिजे. माशाचा कल्ला किंवा पर लागला, की ते झडपा मिटून तिथे घट्ट बसतं. माशाची कातडी त्याच्यावर वाढते. त्या पुटकुळीत काही दिवस, काही आठवडे, काही जातींत महिनेच्या महिने राहून ते रूप पालटतं आणि एक दिवस तळाला गळून पडतं. जिथे पडेल तिथे त्याचा संसार. मासा भेटलाच नाही, तर ते मरतं.

तुमच्या धोतराला कुसळ चिकटतं, शेळीच्या केसांत गोखरू अडकतं आणि एका बांधावरचं बी दुसऱ्या बांधावर जातं. शिंपल्याचं तसंच आहे. फरक एवढाच, की कुसळाला धोतर नाही मिळालं तरी ते आहे तिथे उगवतं. शिंपल्याचं बी माशाशिवाय उगवतच नाही.

शिकलेली माणसंही इथे फसली होती. मादीच्या कल्ल्यांत ही पिलं दिसली, तेव्हा १७९७ साली रात्के नावाच्या विद्वानाने ठरवलं, की ही शिंपल्याला पोखरणारी बांडगुळं आहेत. पोटच्या लेकरांना त्याने चोर ठरवलं! ती माशाच्या अंगावर बसून वाढतात, हे पक्कं कळायला १८६० च्या पुढची वर्षं उजाडावी लागली.

आता दोन तलावांचा हिशेब लागतो. पहिल्या पावसात नदीतून मासे वर चढतात. चढणीचे मासे आपल्याला नवे नाहीत. पहिल्या तलावात ते सांडव्याने शिरले आणि येताना अंगावर शिंपल्याचं बी घेऊन आले. दुसऱ्याचा सांडवा त्यांना चढता आला नाही. तिथे सोडलेली बोटुकली हौदात वाढलेली. तिच्या अंगावर हे बी नव्हतं. म्हणून कोणत्या पाण्यात शिंपला आहे आणि कोणत्यात नाही, हे पाण्याइतकंच माशाच्या वाटेवर ठरतं.

आणि शिंपल्याला कोणताही मासा चालतो असंही नाही. काही जातींना पाच-दहा प्रकारचे मासे चालतात, काहींना एखाद-दुसराच. युरोपातल्या नद्यांत मोती देणारा एक शिंपला आहे. त्याचं पिलू सॅमन आणि ट्राऊट याच माशांच्या कल्ल्यांत वाढतं. तो शिंपला शंभर वर्षांहून जास्त जगतो. तिथल्या कित्येक नद्यांत आज म्हातारे शिंपले आहेत आणि पिलू एकही नाही. ऊसतोडीला आणि पुण्याला तरुण निघून गेल्यावर गाव जसं दिसतं, तशी ती नदी. घरं दिसतात, धूर निघतो, पण पाळणा हलत नाही.

बटणांची गोष्ट

बंधारा आणि शिंपला यांचा संबंध काय, हे जगाला कळलं ते सदऱ्याच्या बटणांमुळे. प्लॅस्टिक येण्याआधी चांगली बटणं शिंपल्यातून कोरून काढत. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी मस्काटीन गावात बेपल नावाच्या जर्मन कारागिराने १८९१ च्या सुमारास हा धंदा सुरू केला. १९०५ साली त्या एका गावाने दीडशे कोटी बटणं काढली. नदी इतकी उपसली गेली, की शिंपले संपू लागले. मग सरकारने जवळच फेअरपोर्ट इथे केंद्र काढलं. तिथे माशांच्या कल्ल्यांवर शिंपल्याचं बी चढवून ते मासे नदीत सोडत.

पण १९१३ साली त्याच नदीवर केओकुक इथे मोठं धरण पूर्ण झालं. बटणांच्या धंद्यातला एक मुख्य शिंपला होता, एबनी शेल. त्याचं वाहन स्किपजॅक हेरिंग नावाचा मासा. तो दरसाल खालून वर येत असे. धरणाने त्याची वाट बंद झाली. वरच्या अंगाला पाणी होतं, तळ होता, म्हातारे शिंपलेही होते. पण नवं पिलू धरेना आणि वरच्या नदीतून तो शिंपला जवळजवळ नाहीसा झाला. धरणाने शिंपल्याला हातही लावला नव्हता.

आपल्या जिल्ह्याचे दरवाजे

आता आपल्या नद्या पाहू. दक्षिणेला गोदावरी, अंबड, घनसावंगी आणि परतूरच्या कडेने. मधून दुधना, तिला जालन्याची कुंडलिका मिळते. उत्तरेला पूर्णा, तिला केळणा आणि गिरजा मिळतात. पुढे परभणी जिल्ह्यात दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदेला मिळते. म्हणजे एके काळी आपल्या जिल्ह्यातला मासा खालच्या अंगाने फिरून या तिन्ही नद्यांत जाऊ शकत होता.

आज पैठणला जायकवाडी आहे, १९७६ पासून. दुधनेवर सेलूजवळ निम्न दुधना आहे. पूर्णेवर खडकपूर्णा आणि येलदरी. गोदेच्या आपल्या भागात जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे एकामागून एक बंधारे. धरणं नकोत असं आम्ही म्हणत नाही. डाव्या कालव्याच्या पाण्यावर अंबड-घनसावंगीचं रान भिजतं. कोरडवाहू शेतकऱ्याने पाणी अडवायला नाही म्हणावं, एवढे आम्ही शहाणे झालेलो नाही. पण नदीचे तुकडे झाले, हे खरं आहे. तुकड्यात अडकलेल्या शिंपल्याला त्याचा मासा त्याच तुकड्यात भेटला तर ठीक, नाहीतर तो वंश तिथेच थांबला.

धरण आपल्या हातात नाही. काही गोष्टी मात्र आपल्याच हातून होतात. डोहातली वाळू पोकलेनने निघते, तिच्याबरोबर वाळूत रुतलेला शिंपलाही ट्रकमध्ये जातो. वाळूचे पैसे शेतकऱ्याला मिळत नाहीत, त्याच्या विहिरीचं पाणी मात्र खाली जातं. दुसरी गोष्ट आपल्या फवारणीची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन आपलीच माणसं दगावली. तेच औषध फवारून झालं, की पंप आपण नाल्यात विसळतो. शिंपला पाणी गाळून त्यातलं अन्न खातो, दिवसाला कित्येक लिटर. पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात जातं. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, मराठवाडा विद्यापीठात पैठणच्या जलाशयातले शिंपले नेऊन त्यांच्यावर कीटकनाशकांचा परिणाम वर्षानुवर्षं तपासला गेला, तो यासाठीच. आणि विषाने मासा मेला, तर जिवंत राहिलेल्या शिंपल्याचंही पुढचं बी गेलं.

तिसरी गोष्ट मोत्यांच्या शेतीची. भुवनेश्वरच्या सरकारी संस्थेने आपल्या देशी शिंपल्यात मोती धरण्याचं तंत्र बसवलं, ते खरं आहे. पण ते दाखवून गावोगाव फी घेणारेही फिरतात. आमच्यातल्या एकाने फी भरली, शेततळ्यात शिंपले टाकले. दोन महिन्यांत निम्मे मेले, मोती दिसला नाही. त्याला आम्ही विचारलं, शिंपले आणले कुठून? नदीतून. जिथे नुसती काढणी आहे आणि पेरणी नाही, त्याला शेती कशी म्हणायची?

शिंपल्याचा पंचनामा

यात आपला फायदा काय, असं कोणी विचारेल. शिंपला पाणी स्वच्छ करतो, हा एक. दुसरा आम्हाला जास्त मोठा वाटतो. शिंपल्याला वाढायला वर्षं लागतात आणि डोह पार आटला तर गाळात मिटून तो काही काळच तग धरतो. म्हणून ज्या डोहात नखाएवढ्यापासून तळहाताएवढ्यापर्यंत सगळ्या मापांचे जिवंत शिंपले आहेत, तिथे इतकी वर्षं पाणी टिकलं आणि माशांची वाट उघडी होती, याचा तो पंचनामा आहे. तो तलाठ्याने लिहिलेला नाही आणि कुणाला खोडताही येत नाही. वाळूच्या लिलावाला हरकत घेताना हा पुरावा हाताशी ठेवा.

तेव्हा आमचं मागणं असं. या उन्हाळ्यात प्रत्येक गावाने आपला एक डोह किंवा तलाव पाहावा. शाळेतल्या पोरांना बरोबर घ्यावं, एक वही करावी. शिंपला लांबट आणि पातळ आहे का? तो बहुधा लॅमेलिडेन्स. आखूड, जाड आणि टोकाशी सुरकुत्यांचा आहे का? तो पॅरेसिया. जिवंत किती, नुसती कवचं किती, अंगठ्याच्या नखाएवढी पिलं आहेत का, हे लिहावं. बघून झालं की जिवंत शिंपला होता तिथेच ठेवावा. मग गोदाकाठच्या भोई बांधवांकडे जावं. मरळ, वांब, शिंगटा, कोणते मासे पूर्वी मिळत आणि कोणते आता मिळतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. माशाचा कल्ला उघडून भिंगाने पाहावा. पांढरे बारीक ठिपके दिसले तर माशाचं नाव आणि दिवस टिपावा.

गाळ काढताना सगळ्यात खोल भाग तसाच सोडावा आणि ट्रॉलीत जिवंत शिंपला आला तर परत पाण्यात टाकावा. फवारणीचा पंप रानातच, पाण्यापासून लांब धुवावा. पहिल्या पावसातला चढणीचा मासा निदान सांडव्याच्या तोंडाशी जाळं लावून धरू नये. आणि बंधाऱ्यांचे दरवाजे पहिल्या पुरात चढणीच्या वेळी उघडे असावेत, ही मागणी आपण पाटबंधारे खात्याकडे लेखी द्यावी. तिला आधार म्हणून तुमच्या वह्या जोडू.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना वही आणि दोन रिकामी कवचं घेऊन या. वहीत नुसतं 'शिंपला नाही' असं लिहिलेलं असलं तरी चालेल. पण डोहात उतरून, तळ चाचपून मग लिहा.