बाळंतिणीची काचोळी

कापडाच्या सुरतेशेजारी राहूनही बाळंतिणीच्या काचोळीचा विचार आपण क्वचितच करतो. ती घट्ट असली तर दूध तुंबून गाठ होते, तापही येतो. मग कित्येक माता अंगावर पाजणेच सोडतात. अशा वेळी पाजणे न थांबवता डॉक्टरांस दाखवावे. काचोळी सुती, तारेविना, पुढून उघडणारी व रुंद पट्ट्यांची असावी. पट्टीखाली दोन बोटे सहज जावीत. ओली होताच बदलावी. आज्यांची पुढे गाठ मारायची चोळी याच सोयीची होती. कुराणशरीफातील सूरह बकरहच्या २३३ व्या आयतीत पूर्ण दोन वर्षे पाजण्याचा उल्लेख आहे, आणि तेथेच मातेच्या अन्नाबरोबर वस्त्राचाही भार पित्यावर ठेवला आहे. तेव्हा बंधूंनो, ही खरेदी चैन नव्हे, तुमचे कर्तव्य आहे.