गॅरेजमधील यंत्रांसाठी वायरिंग

२३० व्होल्टच्या घरगुती विजेवर २००० वॅटचे कटिंग मशीन सुमारे ९ अँपियर प्रवाह घेते. दिव्या-पंख्यांचे ६ अँपियरचे सॉकेट त्याला पुरत नाही. गॅरेजला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र सर्किट, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपियरचे सॉकेट आणि पक्के अर्थिंग हवे.

मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढते. बी प्रकारचा एमसीबी (प्रवाह वाढला की सर्किट तोडणारा स्विच) त्याच्या अँपियरच्या ३ ते ५ पट प्रवाहाला लगेच पडतो, सी प्रकारचा ५ ते १० पटीला. म्हणून मोटरीसाठी सी बरा. सारखा पडतो म्हणून जास्त अँपियरचा एमसीबी बसवणे हा आवडता उपाय, पण घातक: वायर तापत राहते, एमसीबी गप्प. माणसाला बसणारा शॉक तर एमसीबीला कळतच नाही. तिथे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारी ३० मिलिअँपियरची आरसीसीबी लागते. गुंडाळलेली एक्स्टेंशन वायरही तापते. वापरताना ती पूर्ण उलगडावी.