म्हातारपणाची मजुरी



पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय 'वृद्धांचा सांभाळ' असा छापला आहे. ह्या विषयावर बोलायला उभा राहणारा माणूस बहुधा मुलांना आणि सुनांना दोन शब्द सुनावतो, श्रोत्यांतली वडीलधारी मंडळी माना डोलावतात, आणि घरी परतताना सूनबाई गप्प असतात. मला ते करावयाचे नाही. माझे आयुष्य हजेरीपत्रके आणि पगाराच्या चिठ्ठ्या वाचण्यात गेले. म्हातारपणाकडेही मी त्याच बाजूने पाहणार. माझे म्हणणे एवढेच की, म्हातारपण हा मजुरीचा भाग आहे. ज्याने माणसाकडून चाळीस वर्षे काम करून घेतले, त्याने त्या माणसाच्या पुढच्या वीस वर्षांचाही दाम मोजावयास हवा होता. तो मोजला गेला नाही. आणि ती बाकी आज जुन्नर-आंबेगावच्या घराघरांत सुनेच्या नावावर निघालेली आहे.

मुंबईपासून सुरुवात करतो, कारण आपल्या दोन तालुक्यांचा जमाखर्च मुंबईशिवाय लागत नाही. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीला परदेशी कापडाच्या लॉरीखाली गेले. डिंभ्याच्या जलाशयाला आपण त्यांचे नाव दिले. हुतात्मा म्हणून त्यांना सारे ओळखतात; ते गिरणीकामगार होते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. त्यांच्या आधी आणि त्यांच्या मागून ह्या डोंगरकपारीतून हजारो तरुण गिरण्यांत गेले. दहा-वीस जणांनी एका खोलीत पाळीपाळीने पथारी टाकायची, खानावळीत जेवायचे, आणि उरेल ते मनिऑर्डरीने गावी धाडायचे. बायको, मुले, आईबाप गावी. म्हणजे पगार होता एकट्या माणसाच्या पोटापुरता. त्याला लहानाचा मोठा केला गावाने, आजारात परत घेतले गावाने, आणि हातपाय थकल्यावर ओसरीवर खाट टाकून दिली तीही गावानेच. मुंबईने तरणी माणसे नेली आणि म्हातारी परत पाठवली. मालकाला हा व्यवहार फार स्वस्तात पडला.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली, आणि त्यांतली फार मोठी संख्या पुन्हा आत गेलीच नाही. संपाचे बरेवाईट आज काढीत नाही. त्यावर वेगळे व्याख्यान होईल, आणि भांडणही. मला सांगावयाची आहे ती एक बारीक गोष्ट. त्या काळी कामगाराला भविष्यनिर्वाह निधी होता. तो कायदा 1952 चा. 1971 साली कुटुंब-निवृत्तिवेतन आले, पण नावाप्रमाणेच ते मागे राहिलेल्या कुटुंबासाठी होते. कामगार वारला तर विधवेला दरमहा काही मिळे; तो जगलावाचला आणि म्हातारा झाला, तर त्याला दरमहा काही नव्हते. ती सोय आली नोव्हेंबर 1995 मध्ये. म्हणजे 1982 साली जो तीस वर्षांचा गडी बाहेर फेकला गेला, तो त्या पेन्शनीच्या दारापर्यंत पोहोचलाच नाही. आज तो सत्तरी ओलांडून बसला आहे. हीच माणसे जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर घरासाठी मोर्चाला गेली होती. घरे द्यायची ती मुंबईतच द्या, शेलू-वांगणीला नकोत, असे त्यांचे मागणे होते. काठ्या टेकीत गेली होती.

आता ज्यांना 1995 ची पेन्शन मिळते, त्यांच्याकडे वळू. तिचे गणित असे: पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. पण पगार खरा धरीत नाहीत, मर्यादेतला धरतात. सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सेवेला 6500 रुपयांची मर्यादा, त्यानंतरच्या सेवेला 15000 ची. समजा, एखादा गडी 1995 च्या अखेरीस साखर कारखान्यात लागला आणि पंचवीस वर्षे भरून 2020 मध्ये घरी बसला. त्याचा हिशेब तीन हजारांच्या थोडा वर जातो. महागाई वाढली तरी ही रक्कम वाढत नाही, कारण ती महागाईच्या निर्देशांकाला बांधलेलीच नाही. निदान एक हजार तरी मिळावेत असे 2014 साली ठरले, आणि पुढची दहा वर्षे तो हजाराचा आकडा जागचा हलला नाही. ज्या दहा वर्षांत गॅसची टाकी, डाळ आणि रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या कुठे गेल्या, त्याच दहा वर्षांत. ह्या पेन्शनरांनी बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत उपोषणे केली. म्हाताऱ्याने उपोषण करणे म्हणजे काय, ह्याचा विचार तरुणांनी करून पाहावा.

शिवाय दरवर्षी आपण हयात आहोत, हे सिद्ध करावयाचे. अंगठा यंत्रावर ठेवायचा. ज्याने तीस वर्षे पोती उचलली, लोखंड घासले, किंवा जिने भांडी घासली, त्यांच्या अंगठ्यावर रेषा राहिलेल्या नसतात. यंत्र म्हणते, जुळत नाही. आमच्या युनियनच्या कचेरीत अशा बायका येतात. पदराने अंगठा पुसतात, पुन्हा ठेवतात, पुन्हा पुसतात. आता मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला निघतो, आणि तो वर्षातून कधीही काढता येतो. हे ठाऊक नसल्याने पुष्कळांची पेन्शन अडून राहते. तेव्हा आपल्या आळीत असा कोणी असेल, तर कॉलेजात जाणाऱ्या पोराला त्याच्या घरी पाठवावे. दहा मिनिटांचे काम आहे.

कोणी म्हणेल, ज्याला कायमचा मालक होता त्याचे हे झाले. ज्याला रोज नवा मालक, त्याच्या म्हातारपणाची मजुरी कोणाकडे मागायची? ह्याचे उत्तर महाराष्ट्राने 1969 सालीच दिले आहे. तो माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांनी ज्यांना एकत्र केले ते हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचे पोते उचलीत, दुपारी दुसऱ्याचे. कायद्याने मंडळ नेमले. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरायची, तिच्यावर ठरलेली लेव्हीही भरायची, आणि त्या लेव्हीतून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा. आपल्याकडची किती घरे वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातल्या पाठीवर उभी राहिली, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको. ह्या कायद्यातही पुढे खोटे माथाडी शिरले, दंडेली शिरली, हे मी नाकारीत नाही. पण कामगार कायद्यांत ह्याहून अधिक डोक्याने केलेला कायदा मला तरी माहीत नाही.

मग तीच युक्ती इतरांना का लागू होऊ नये? नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडणाऱ्या बायका घ्या. पहाटे मजुरांच्या अड्ड्यावर उभे राहणारे आदिवासी घ्या. आपले डबेवाले घ्या. परदेशचे विद्वान त्यांच्या कामाची वाखाणणी करून गेले, आणि 2020 च्या टाळेबंदीत ते बिचारे गावी परतले तेव्हा हाती दरमहाचे काही नव्हते. तमाशाचेही तेच. नारायणगावला राहुट्या लागतात, सुपाऱ्या ठरतात, लाखांचे व्यवहार होतात. ह्याच नारायणगावचे नाव लावणाऱ्या विठाबाई राष्ट्रपतींच्या हातून गौरव घेऊन आल्या, आणि 2002 साली गेल्या त्या ओढाताणीतच. आज त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्कार द्यावा. पण प्रत्येक सुपारीमागे शेकडा थोडी लेव्ही कापली असती, तर ढोलकीवाल्यालाही म्हातारपण आले असते आणि पडदे ओढणाऱ्या पोऱ्यालाही.

आणि चाकणला जाणारी आपली पोरे? तीन वर्षे ह्या ठेकेदाराकडे, दोन वर्षे त्या ठेकेदाराकडे. पेन्शनीला दहा वर्षांची सेवा लागते. मधल्या बेकारीत पोरगा फंडाची रक्कम काढून मोटरसायकल घेतो, आणि सेवा पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते. आज पंचविशीत असलेल्या त्या पोराचे म्हातारपण असे आजच खर्ची पडते आहे.

सरकार काही करीत नाही, असे मात्र नाही. पासष्ट वर्षांवरील निराधारासाठी श्रावणबाळ योजना आहे. 2023 साली ती रक्कम दरमहा दीड हजार झाली. नाव छान आहे. फरक इतकाच की, पुराणातल्या श्रावणाने आईबापांकडे उत्पन्नाचा दाखला मागितला नव्हता. येथे कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न 21000 च्या आत असल्याचे दाखवावे लागते, म्हणजे महिन्याला 1750. मुलगा गवंडीकाम करतो म्हणून म्हातारी अपात्र, आणि मुलगा तर दोन वर्षे घरी फिरकलेला नाही, अशी प्रकरणे तलाठ्याच्या टेबलावर पुष्कळ. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीवरच्या सर्वांना वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या इस्पितळी उपचारांचे कार्ड मिळू लागले. ते जरूर काढावे. पण ते कार्ड इस्पितळात दाखल झाल्यावर कामाचे. घरी अंथरुणाला खिळलेल्याची कूस कोण बदलणार, हे कार्डावर लिहिलेले नाही.

कूस बदलते ती सून. हे काम आहे, असे म्हटले की लोक हसतात. उचलणे, न्हाऊ घालणे, भरवणे, रात्री तीनदा उठणे, हे हमालीइतकेच अंगमेहनतीचे काम आहे, आणि त्याला सुट्टी नाही. हेच काम पुण्यात जाऊन केले तर त्याला पगार मिळतो. आपल्या भागातल्याही बायका तेथे 'मावशी' म्हणून बारा-बारा तास बसतात. परक्याच्या आईला भरवतात, आणि गावी स्वतःची सासू शेजारणीच्या हवाली असते. एजन्सी आपले कमिशन कापते ते निराळेच.

वृद्धाश्रम म्हणजे घराण्याला कलंक, असे आपल्याकडे म्हणतात. मला तसे वाटत नाही. पुण्यातल्या 'निवारा'ने एकोणिसाव्या शतकापासून निराश्रितांना आसरा दिला; त्यात लाजण्यासारखे काय आहे? 'अथश्री'सारख्या वसाहतींत पैसेवाले निवृत्त लोक जिना चढावा न लागता, डॉक्टर हाताशी ठेवून, समवयस्कांत राहतात. चांगले आहे. माझा आक्षेप इतकाच की, ती सोय ज्याची फंड-पेन्शन धड आहे त्यालाच परवडते. गरिबासाठी 2007 च्या कायद्याचे एकोणिसावे कलम आहे: दर जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार वृद्धांना पुरेल असा आश्रम. ते मी अनेकदा वाचले. त्यात सरकार 'करील' असा शब्द नाही. 'करू शकेल' असा आहे. करारातला असा शब्द आम्ही युनियनवाले टेबलावरून उठण्यापूर्वी बदलून घेतो.

तरी माझे मत असे की, आहुपे-भीमाशंकरकडच्या वाडीतल्या म्हातारीला जिल्ह्याच्या गावी नेऊन ठेवणे हा उपाय नव्हे. केरळात 1993 साली कोझिकोडला काही डॉक्टरांनी अंथरुणावरच्या रोग्यांसाठी काम सुरू केले, गावोगावचे स्वयंसेवक त्यात आले, आणि 2008 मध्ये राज्याने धोरणच केले. तेथे पंचायतीची परिचारिका घरी येते, जखमा धुते, घरच्यांना कूस बदलायला शिकवते. जपानने 2000 सालापासून चाळिशीवरच्या प्रत्येकाकडून म्हातारपणाच्या शुश्रूषेचा हप्ता घ्यायला सुरुवात केली, कारण सुना थकल्या होत्या. आपल्याकडे आशाताई आहेत. त्या म्हाताऱ्यांच्या याद्या करतात, पण त्यांना स्वतःलाच पगार नाही, मानधन आहे. त्यांना पगार द्या, शिक्षण द्या, आठवड्याला ठरावीक घरे नेमून द्या. ग्रामपंचायतीने ह्या वर्षी एवढा एक ठराव केला तरी माझे येथे येणे कारणी लागले.

आता शेवटी जमिनीविषयी, कारण ते बोलल्यावाचून आपण मला येथून सोडणार नाही. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेच्या वावराला सोन्याचा भाव आला, आणि आईबाप एकाएकी फार प्रिय झाले. बक्षीसपत्र होते, आणि मग खाट ओसरीवरून गोठ्याकडे सरकते. त्याच 2007 च्या कायद्याचे तेविसावे कलम सांगते की, सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न केल्यास परत घेता येते. अर्ज प्रांताकडे, आपल्या दोन तालुक्यांसाठी मंचरला. वकील लागतोच असे नाही. दरमहा दहा हजारांपर्यंत चरितार्थही तेथेच मागता येतो. मात्र डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अशी अट होती हे दाखवावे लागेल. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने, कायदा वृद्धांच्या हिताचा आहे तेव्हा तो उदार मनाने वाचावा, असे सांगून एका आईला तिची मिळकत परत दिली. पण तिथेही सांभाळाची कबुली कागदावर होती. म्हणून सही करण्याआधी दस्तात लिहून घ्यावे की, मिळकत घेणाऱ्याने देणाऱ्याचा तहहयात सांभाळ, औषधपाणी आणि राहण्याची सोय करावयाची आहे, आणि ती न केल्यास बक्षीस रद्द होईल. दस्त लिहिणारा म्हणेल, घरातल्या घरात हे कशाला? मुलगा रुसेल. तरी ते लिहून घ्यावे, निबंधकासमोर मोठ्याने वाचून घ्यावे, आणि दस्ताची एक प्रत आईच्या पेटीत, तिच्याच किल्लीखाली ठेवावी.