श्लोक आला की दिग्दर्शक गडबडतो

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संस्कृत नाटक बसवू पाहणाऱ्या तरुण दिग्दर्शकांचा वर्ग घेताना पहिल्या दिवशी मी एकच प्रश्न विचारतो. गद्य संवाद चालू असताना पात्र मध्येच श्लोक का म्हणते? उत्तरे साधारण ठरलेली असतात. कुणी म्हणतो, त्या काळची पद्धत होती. कुणी म्हणतो, वर्णनासाठी. एखादा धीट मुलगा सांगून टाकतो, ‘सर, आम्ही ते श्लोक कापणारच आहोत.’ हे उत्तर मला त्यातल्या त्यात बरे वाटते. त्याला निदान प्रेक्षकाची काळजी आहे.

श्रोतेहो, आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेत संस्कृत नाटकांचा स्वतंत्र विभाग असतो. हौशी मंडळी नोकरी सांभाळून, रात्री जागून ही नाटके बसवतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण स्पर्धेत काय किंवा स्पर्धेबाहेर काय, श्लोक आला की बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट होते. एक तर नट शाळेतल्या चालीवर येतो. मंदाक्रांता, वसंततिलका, शार्दूलविक्रीडित या वृत्तांच्या चाली मराठी माणसाच्या कानात लहानपणापासून बसलेल्या आहेत. प्रसंग विरहाचा असो, लढाईचा असो, चाल तीच. नाही तर दुसरे टोक. नैसर्गिक अभिनयाच्या नावाखाली श्लोक बातम्या वाचाव्यात तसा सपाट म्हटला जातो. दोन्ही वेळा प्रेक्षक श्लोक कधी संपतो याची वाट बघतो.

यात दोष नटाचा नाही. तालमीत श्लोकाचे काय करायचे हे दिग्दर्शकालाच ठाऊक नसते, कारण त्याला ते कुणी शिकवलेले नसते. संस्कृतचे प्राध्यापक अर्थ, अलंकार आणि वृत्त सांगतात. नाट्यप्रशिक्षणात हालचाल, नेपथ्य, प्रकाशयोजना शिकवतात. मधली जागा रिकामीच राहते. इंग्लंडमध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या जॉन बार्टन यांनी शेक्सपिअरचे पद्य कसे बोलावे यावर नटांना घेऊन एक मालिकाच केली. ती १९८४ साली दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. एका ओळीवर किती वेळ आणि किती मजेत घालवता येतो, हे सगळ्या देशाने घरी बसून पाहिले. आपल्याकडे कालिदासावर ग्रंथ उदंड आहेत, पण त्याच्या श्लोकाची अशी तालीम सहसा कुणाच्या पाहण्यात येत नाही.

मी सुरुवात करतो ती अन्वय बाजूला ठेवायला सांगून. शाळेत आपण श्लोकाचा अन्वय लावतो. कर्ता आधी, मग कर्म, शेवटी क्रियापद. अर्थ कळण्यासाठी हे ठीकच आहे. घोटाळा असा होतो, की दिग्दर्शक त्या अन्वयावरून, किंवा त्यावर बेतलेल्या भाषांतरावरून, प्रसंग बसवतो. कवीने शब्द कोणत्या क्रमाने ठेवले ते तो विसरूनच जातो. आणि रंगभूमीवर तर क्रमालाच महत्त्व!

शाकुंतलाच्या चौथ्या अंकात कण्व प्रथम येतात तेव्हाचा श्लोक घ्या. मुलगी आज सासरी जाणार. मराठीत आपण म्हणू, ‘आज शकुंतला जाणार.’ क्रियापद शेवटी. कालिदासाने मात्र ‘यास्यति’, म्हणजे ‘जाईल’, हा शब्द अगदी पहिला ठेवला आहे. आज, शकुंतला, हृदय, हे सगळे त्याच्या मागून. स्नान करून आलेल्या त्या म्हाताऱ्याच्या मनात जाणे आधी आहे, बाकीचे नंतर. वृत्त शार्दूलविक्रीडित. त्याची पहिली तीन अक्षरे गुरू, म्हणजे तीन जड पावले. ओळ एकोणीस अक्षरांची आणि बाराव्या अक्षरानंतर यती. दुसऱ्या ओळीत या यतीच्या अलीकडे अश्रू अडवून दाटलेला गळा आहे आणि पलीकडे चिंतेने जड झालेली दृष्टी. तिसऱ्या ओळीत तर कमालच आहे. आपली ही अशी अवस्था झाली, एवढे सांगून यती येते आणि त्यानंतरचा पहिला शब्द स्नेहाचा येतो. त्या विसाव्यात एक विरक्त ऋषी स्वतःच्या दुबळेपणाचे कारण शोधतो आहे. ते सापडल्यावर तो म्हणतो, माझ्यासारख्या वनवासी माणसाची ही गत, तर संसारी बापांचे काय होत असेल?

आता हे दिग्दर्शकाला समजले, की बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. पार्श्वसंगीत कुठे नको ते कळते. कण्वांना श्लोक म्हणत म्हणत रंगमंचभर फिरवायचे नाही हेही कळते, कारण संहितेत श्लोकानंतर ते चालू लागतात अशी स्पष्ट सूचना आहे. श्लोक होईपर्यंत त्यांचे पाऊल उचलत नाही. मी मुलांना हा श्लोक प्रत्यक्ष चालायला लावतो. प्रत्येक यतीला दिशा बदलायची, ओळ संपली की थांबायचे. दिग्दर्शकांना स्वतः असे काही करायला आवडत नाही. नटांना करायला लावणे त्यांना जास्त सोयीचे वाटते. पण दोन तास चालल्यावर यती पुस्तकातून पायात येते, आणि मग तिथे काय करायचे हे मला सांगावे लागत नाही.

दुसरा धडा पहिल्या अंकातल्या हरणाचा. दुष्यंत रथातून पाठलाग करतो आहे आणि सारथ्याला ते पळते हरीण दाखवतो. आजवर मी या हरणाची नाना रूपे पाहिली आहेत. नर्तकी, सावली, पडद्यावरचे चित्र, एकदा तर चाकांवरचे पुठ्ठ्याचे हरीणसुद्धा. त्याला पाहून प्रेक्षक हसले. मूळ श्लोक स्रग्धरा वृत्तात आहे. ओळीला एकवीस अक्षरे, सात-सात-सातांचे तीन तुकडे. पहिल्या तुकड्यात गुरू अक्षरांची गर्दी आहे. तिथे हरीण मान वळवून मागे बघते. मधल्या तुकड्यात सहा लघू अक्षरे एकापाठोपाठ एक येतात आणि नेमका तिथेच रथ मागे लागल्याचा उल्लेख आहे. अक्षरेच धावतात. पुढे बाणाच्या भीतीने आक्रसलेले अंग, दमून उघड्या पडलेल्या तोंडातून गळणारे अर्धवट चावलेले गवत, जमिनीपेक्षा हवेतच जास्त असलेली झेप. एवढे झाल्यावर पुठ्ठ्याचे हरीण हवे कशाला?

पण याहून महत्त्वाचा प्रश्न, हे कोण बोलतो आहे? ज्याच्या हातात धनुष्य आहे तो. मारायला निघालेला माणूस सावजाचे गळणारे गवत बघतो आहे. थोड्याच वेळात तपस्वी येऊन सांगतात, हे आश्रमाचे हरीण आहे, मारू नकोस, आणि राजा बाण मागे घेतो. श्लोक नीट बसवला असेल तर प्रेक्षकाला वाटते की तो बाण आधीच जरा सैल झाला होता. तो कापला, तर उरतो फक्त एक आज्ञाधारक राजा.

आवाजाच्या बाबतीत भरताने फार व्यवहारी सूचना देऊन ठेवल्या आहेत. नाट्यशास्त्रात आवाजाची तीन स्थाने सांगितली आहेत. लांबच्या माणसाशी बोलताना शिर, मध्यम अंतरावर कंठ, अगदी शेजारच्याशी उर. वाक्य अपेक्षा अर्धवट ठेवून संपते की पुरी करून, यावरून काकूचे साकांक्ष आणि निराकांक्ष असे दोन प्रकार. आमच्या वर्गात आम्ही एकच ओळ या तिन्ही स्थानांवरून म्हणून पाहतो आणि कुठली खोटी वाटते ते ठरवतो. केरळातल्या कूडियाट्टमसारखी शतकानुशतके चालत आलेली पाठपद्धती आपल्यापाशी नाही. तिथे एकच अंक अनेक रात्री चालू शकतो. ते पाहावे, शिकावे, पण पुण्यामुंबईच्या अडीच तासांच्या प्रयोगात त्याची उसनी हस्तमुद्रा आणू नये, असे माझे मत आहे.

आपला मराठी माणसाचा आणखी एक पेच आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि श्लोकांच्या प्रश्नाला आपले असे उत्तर दिले. श्लोकांची पदे झाली. साकी, दिंडी आली, राग आले. ते उत्तर इतके यशस्वी झाले की त्यातून एक रंगभूमीच उभी राहिली. पण त्यामुळे आपल्या मनात असे घट्ट बसले, की श्लोक म्हणजे गाण्याची जागा. गाणे आले की नट गायक होतो आणि नाटक थोडे थांबते. श्लोकात ते थांबत नाही. बाहेरची हालचाल थांबली तरी आत काही घडत असते. म्हणून मराठीत करताना मी समश्लोकीपेक्षा लवचिक गद्याकडे झुकतो. वृत्त सांभाळायला घातलेले भरीचे शब्द बोलताना नटाच्या जिभेला अडखळवतात. वृत्त गेले तरी चालेल, शब्दांचा क्रम आणि विसावे राहिले पाहिजेत.

वर्गाचे शेवटचे दोन दिवस मी भवभूतीसाठी राखून ठेवतो. उत्तररामचरिताचा तिसरा अंक. बारा वर्षांनी राम पंचवटीत येतो. सीता तिथेच आहे, पण गंगेच्या वराने कुणालाच दिसत नाही. सोबत तमसा नदी आहे, ती तिला सावरते आहे. वासंती रामाला बोल लावते, राम श्लोकामागून श्लोक म्हणत शोक करतो. भवभूतीचे समास लांबलचक, श्लोक दमछाक करणारे. इथे बहुतेक दिग्दर्शक सगळा प्रकाश रामावर टाकतात आणि अंक रडका होतो. मी त्यांना सांगतो, श्लोक रामाचा आहे, पण तो पोचतो आहे सीतेकडे. तिला टाकल्याचा राग आहे, आणि आता ऐकू येते आहे ते सगळे पूर्वी कधी तिच्यासमोर बोलले गेलेले नाही. तेव्हा प्रत्येक ओळीला सीता काय करते ते आधी बसवा. ती कुठल्या शब्दाला तमसेचा हात सोडते? कुठल्या शब्दाला पुन्हा धरते? रामाच्या नटाला त्या दिवशी नुसते बसून श्लोक म्हणू दे. गेल्या खेपेला एका मुलीने सीतेला पूर्ण पाठमोरी उभी केली आणि चारही ओळींत फक्त तिची मान हलवली. वर्गातले कुणीही श्लोक संपायची वाट बघत नव्हते.