बाटलीवरची बारीक अक्षरे

(तामलवाडी येथील आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



मी पारधी वस्त्यांवर नर्सचे काम करते. हल्ली घरोघरी फडताळात एक छोटी बाटली दिसते. 'शरीर शुद्ध करणारे' होमिओपॅथिक थेंब. काही दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले, काही बाजारात कोणी विकलेले, आणि काही, स्पष्टच बोलते, आपल्याच मंडळ्यांनी मायेने दानाच्या खोक्यात घातलेले. म्हणून हा विषय घेतला.

बाटलीवर '30' लिहिलेले असेल तर मूळ औषध शंभर पट पातळ, असे तीस वेळा केलेले असते. मूळ पदार्थ त्यात उरतच नाही म्हटले तरी चालेल. थेंबांत राहते ते मुख्यतः अल्कोहोल आणि पाणी. 'क्यू' किंवा 'मदर टिंक्चर' लिहिलेली बाटली वेगळी. तिच्यात वनस्पतीचा खरा अर्क असतो. यकृताच्या थेंबांत चेलिडोनियम नावाची वनस्पती असू शकते, आणि तिच्या औषधांनी यकृतालाच इजा झाल्याच्या नोंदी युरोपात आहेत. शरीराची सफाई यकृत आणि मूत्रपिंडे रोज करतातच. त्यासाठी थेंब लागतात असा भरवशाचा पुरावा नाही.

खरी काळजी अल्कोहोलची. मे 2021 मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात कोरमी गावात 'ड्रोसेरा 30' नावाचे होमिओपॅथिक औषध नशेसाठी प्यायल्याने अनेक माणसे दगावली. लॉकडाउनमुळे दारू मिळत नव्हती. त्या औषधात सुमारे 91 टक्के अल्कोहोल असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. आपल्या कायद्यात 12 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेले होमिओपॅथिक औषध किरकोळ विक्रीत 30 मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत देता येत नाही. मोठी बाटली कोणी हातात दिली तर आधी टक्का वाचा.

वस्तीवर किती जणांनी दारू सोडली आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातले काही जण डायसल्फिरॅमची गोळी घेतात. ती चालू असताना थोडे अल्कोहोल पोटात गेले तरी चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड असा त्रास होऊ शकतो. अशा घरात हे थेंब नकोच. नवऱ्याच्या चहात गुपचूप 'व्यसन सोडवणारे' थेंब घालणाऱ्या बायांनाही मी हेच सांगते. त्यांची तळमळ मला कळते, पण त्याला न सांगता काहीही देऊ नका.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लेकरे यांनाही नको. अमेरिकेत 2016 साली तिथल्या औषध खात्याने दात येताना देण्याच्या होमिओपॅथिक गोळ्या वापरू नका असा इशारा दिला. पुढे तपासणीत काही गोळ्यांत बेलाडोनाचे प्रमाण लेबलपेक्षा जास्त सापडले. 'साइड इफेक्ट नाहीत' हे विकणाऱ्याचे बोलणे आहे.

टीबीच्या गोळ्या मध्येच सोडून थेंब घेणे सगळ्यांत वाईट. टीबी परत उलटतो आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच; त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, पोट फुगले, तर 'सफाई' करत बसू नका. तुळजापूरचे सरकारी रुग्णालय गाठा, नाहीतर सोलापूरचे सिव्हिल. गाडी नसेल तर 108 लावा.

एवढे ऐकूनही धडधाकट मोठ्या माणसाला थेंब घ्यायचेच असतील तर मी भांडत नाही. नोंदणी असलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना विचारा, चालू गोळ्या त्यांना दाखवा. लेबलवर औषधाचे नाव, कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक, अल्कोहोलचा टक्का आणि मुदत हवी. सांगितलेले थेंब पाण्यात मोजून घ्या, बाटली तोंडाला लावू नका. ती लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी, चुलीपासून दूर ठेवा; अल्कोहोल पेट घेते.

मंडळ्यांना एक विनंती. दानाच्या खोक्यात औषधाच्या बाटल्या घालू नका, उघडलेल्या तर मुळीच नको. त्याऐवजी रुग्णाला दवाखान्यात नेण्याचे गाडीभाडे द्या, साखर तपासण्याच्या पट्ट्या द्या. आज ज्यांनी बाटल्या सोबत आणल्या आहेत त्यांनी जेवणानंतर मंडपाच्या डाव्या बाजूच्या टेबलाशी या. वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवते.