फोटोतून उभी राहणारी वास्तू

(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



सर्वांच्या हातभाराने नवे देऊळ उभे राहिले, याचा आनंद मोठा आहे. जुना लाकडी सभामंडप मात्र आता घरोघरच्या फोटोंतच उरला. मी तालुका कचेरीतला कारकून. जुन्या दप्तराची किंमत आम्हांला ठाऊक असते. म्हणून त्या फोटोंविषयी दोन शब्द बोलतो.

कागदावरचा फोटो सपाट असतो. पण एकच वस्तू दोन जागांवरून टिपली की तिची खोली कळते. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे दोन डोळ्यांचे काम ध्यानात येईल. संगणकही तेच करतो. खांबाचा एकच कोपरा तो निरनिराळ्या फोटोंत शोधतो, प्रत्येक फोटो कोठून काढला ते ठरवतो आणि मोजणीदाराप्रमाणे त्रिकोण साधून त्या कोपऱ्याची जागा काढतो. असे लाखो बिंदू जमले की वास्तू पडद्यावर उभी राहते व चहूबाजूंनी फिरवून पाहता येते.

कल्पना तशी जुनी. जर्मनीतील आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हे १८५८ साली वेट्झलार येथील मोठ्या चर्चची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचले. तेव्हा, मापे फोटोवरूनच का घेऊ नयेत, असे त्यांच्या मनात आले. पुढे १८८५ साली बर्लिनमध्ये या कामासाठी सरकारी संस्था निघाली.

अफगाणिस्तानातील बामियानची सुमारे ५३ मीटर उंचीची बुद्धमूर्ती तालिबानने मार्च २००१ मध्ये स्फोटके लावून नष्ट केली. झुरिकच्या शास्त्रज्ञांनी ती संगणकात पुन्हा उभी केली. त्यांच्या मुख्य उपयोगी पडले ते रॉबर्ट कोस्टका यांनी १९७० साली मोजणीच्या कॅमेऱ्याने काढलेले तीन फोटो. वस्त्राच्या बारीक चुण्या संगणकाला नीट साधेनात. त्या माणसांनी स्वतः एकेक बिंदू टिपून भरल्या. एकतीस वर्षे जपलेल्या फोटोंचे असे चीज झाले.

मात्र फोटोत जे आलेच नाही, ते संगणकही आणू शकत नाही. अंदाजाने भरलेला भाग हा पुरावा नव्हे.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. लग्नाचे, यात्रेचे, भजनाचे जुने फोटो समितीकडे द्यावेत. नक्कल करून मूळ फोटो परत मिळेल. फोटोत माणसे दाटीने उभी असली तरी मागचा खांब आपल्या कामाचा आहे. फोटोच्या कडा कापू नयेत. साल आठवत असेल तर पाठीमागे पेन्सिलीने लिहावे.

दीपमाळ व जुना गाभारा अजून शाबूत आहे. त्यांना रंग लागण्यापूर्वी तरुणांनी मोबाईलवर फोटो घ्यावेत. एका जागी उभे राहून नव्हे, तर पावलापावलाने सभोवती फिरून. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून अधिक भाग यावा. शेजारी मापाची पट्टी ठेवावी, म्हणजे खरी उंची निघेल.

देणगीची पावती आपण जपून ठेवतो. तशीच जुन्या देवळाची ही नोंदही पुढच्या पिढीसाठी जपू या.