जन्माचे वजन विचारा
(चोपडा येथील मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



हृदयविकार, मधुमेह म्हटले की डोळ्यांपुढे शहरातला, पोट सुटलेला पन्नाशीचा माणूस येतो. सातपुड्यातल्या पाड्यावरचे काटकुळे पोर येत नाही. आज मी त्या पोराविषयी बोलणार आहे.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन साधारण २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हातापायांनी बारीक, स्नायू कमी. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. साखर खर्च करतात ते स्नायूच अपुरे. असे मूल पुढे झपाट्याने सुटले की शरीराला तो भार पेलत नाही. केईएममध्ये जन्मलेल्या मुलांना आठव्या वर्षी तपासले, तेव्हा जन्मतः लहान पण आता अंगात चरबी साठलेल्या मुलांत या आजारांची पूर्वचिन्हे सर्वांत जास्त दिसली.

म्हणून घरभेटीला गेल्यावर चार गोष्टी पाहा. एक, माता-बाल कार्डावर जन्माचे वजन अडीच किलोच्या आत होते का? दोन, गरोदरपणात आईची साखर वाढली होती का, घरात कोणाला तरुणपणीच मधुमेह किंवा हृदयविकार झाला का? तीन, शाळकरी मुलाच्या उंचीएवढी सुतळी घेऊन दुमडा. ती निम्मी सुतळी कमरेभोवती पुरली नाही, तर पोट वाढले आहे. चार, मानेवर घासूनही न जाणारा काळा, मखमली पट्टा आहे का? तो मळ नव्हे. यांतल्या दोन गोष्टी आढळल्या तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. मुलाला उपाशी ठेवू नका, चिडवू नका.

काही मुलांचे हृदयच जन्मतः सदोष असते. बाळ दूध ओढताना घामाघूम होते, दमून सोडून देते, ओठ निळे पडतात. मोठ्या मुलाला घसादुखीनंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन मोठे सांधे सुजले, तर तो संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा बिघडवू शकतो. भगताकडे जाण्यात दिवस घालवू नयेत.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात. पुढचे उपचारही मोफत होतात. पण पथक येते त्या दिवशी आपले पोर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेले असते. त्याचे नाव कोण सांगणार? मंडळीने सांगावे. प्रत्येक पाड्यावर एकाने वही ठेवावी आणि कुटुंब परतले की आशाताईंना कळवावे.

आणि सुरुवात आईपासून करा. त्याच अभ्यासात पालेभाजी, दूध आणि फळे वरचेवर खाणाऱ्या मातांची बाळे वजनाने चांगली भरली. संडेस्कूलच्या खाऊतही बिस्किटांऐवजी भाजलेले शेंगदाणे आणि आपल्या जळगावची केळी द्या.

लूक हा वैद्य होता. बाळ येशू अंगानेही वाढत होता, हे नोंदवायला तो विसरला नाही. आपल्या पाड्यावरच्या लेकरांच्या वाढीचीही कुणीतरी नोंद ठेवायला हवी. ते काम आपण घेऊ या.